शेतकऱ्याला खासदार करून ऊस उत्पादकाच्या पदरात काय पडले? (राजू शेट्टी यांची वाटचाल)

बांधावरून
राजू शेट्टी यांच्या राजकीय वाटचालीकडे शांतपणे पाहता यावे इतका काळ आता गेला आहे, असे मला वाटते. शिरोळ तालुक्यातला एक ऊस उत्पादक शेतकरी, शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचा कार्यकर्ता, मग जिल्हा परिषद सदस्य, २००४ मध्ये शिरोळचा अपक्ष आमदार, २००९ आणि २०१४ मध्ये हातकणंगल्याचा खासदार, आणि त्यानंतर २०१९ व २०२४ मध्ये लागोपाठ दोन पराभव, असा हा प्रवास आहे. कारखाना नाही, शिक्षणसंस्था नाही, बँक नाही, घरात आधी कोणी आमदार-खासदार नाही, अशा माणसाला पश्चिम महाराष्ट्रातून लोकसभेत पाठवणे ही साधी गोष्ट नव्हती.

माझा प्रश्न असा आहे की, त्या दहा वर्षांच्या खासदारकीतून ऊस उत्पादकाला नेमके काय मिळाले? आंदोलनाला संसदेचे बळ मिळाले, की संसदेच्या वाटेवर आंदोलनाची धार गेली? हा प्रश्न मी केवळ चर्चेसाठी विचारत नाही. आमच्या भागातील काही तरुण शेतकरी येत्या काळात जिल्हा परिषदेला आपला माणूस उभा करावा, अशा विचारात आहेत आणि ते सल्ला मागत आहेत. त्यांना काय सांगावे, हे मला अनुभवी सदस्यांकडून समजून घ्यायचे आहे.

खोडवा
आमच्या वडिलांनी कारखान्याच्या शेती कार्यालयात जाऊन "बिल कधी निघणार?" असे कधीही विचारले नव्हते, कारण विचारले तर पुढच्या वर्षी तोड लांबते हे त्यांना ठाऊक होते. आज आम्ही विचारतो. मिळाले ते हे, आणि माझ्या मते ते लहान नाही.

जुना_बिल्लेवाला
बांधावरून, तुमच्या प्रश्नाचे मूळ शेट्टी यांच्या आधीचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतील नोकरी सोडून शरद जोशी चाकणजवळच्या आंबेठाणला शेती करू लागले आणि १९८० च्या कांदा आंदोलनातून व १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनातून त्यांची संघटना उभी राहिली, तेव्हा निवडणुकीपासून दूर राहणे हीच तिची ताकद मानली जात होती. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा देणारा कार्यकर्ता कोणाही पुढाऱ्याला तोंडावर बोलू शकत असे, कारण त्याला कोणाचे तिकीट नको होते. पुढे संघटनेलाही राजकारणाची गरज वाटली, १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला, आणि २००४ मध्ये जोशी स्वतः राज्यसभेत गेले. ज्या वर्षी गुरू भाजपच्या जवळ जाऊन राज्यसभेवर गेले, त्याच वर्षी शिष्याने वेगळी वाट धरून स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली आणि स्वतःच्या बळावर विधानसभा गाठली.

या फुटीकडे केवळ माणसांचे भांडण म्हणून पाहू नये, अशी माझी विनंती आहे. जोशी यांना बाजारावरची सरकारी बंधने उठवायची होती. शेट्टी यांना कायद्याने बांधलेला भाव आणि त्याची वसुली हवी होती. ऊस पिकवणाऱ्याला दुसरी भूमिका जवळची वाटली, कारण त्याच्यासमोर खुला बाजार कधी नव्हताच. उभा ऊस वाळू लागला की जो कारखाना तोडणी टोळी पाठवील, त्यालाच तो जातो.

वारणाकाठ
२००९ ची निवडणूक मी गावात राहून पाहिली आहे. "एक मत आणि एक नोट" हे तेव्हा केवळ घोषवाक्य नव्हते. सभेला येणारा माणूस खिशातली दहाची, पन्नासची नोट काढून व्यासपीठाकडे पाठवत असे, आणि आमच्या गावात तर त्याचा हिशेब शाळेच्या दुरेघी वहीत मांडून तो पारावर वाचून दाखवला जाई. प्रचाराच्या गाडीत डिझेल कोणी घातले, भाकरी कोणाच्या घरून आल्या, हेही त्या वहीत होते. समोर निवेदिता माने होत्या, राष्ट्रवादी काँग्रेसची सगळी यंत्रणा होती, साखर कारखान्यांचे संचालक होते. तरीही सुमारे ९५ हजारांच्या मताधिक्याने शेट्टी निवडून आले. पैसे घेऊन मत देण्याची सवय लागलेल्या काळात लोकांनी पैसे देऊन मत दिले, ही गोष्ट मला अजूनही मोलाची वाटते.

अॅड_जयसिंगपूर
खासदारकीतून काय मिळाले, हे पाहायचे तर आधी उसाच्या दरात दिल्लीचा हात किती आहे, हे समजून घ्यावे लागेल. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. तो केंद्राचा आदेश आहे. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत किमान दराची रक्कम द्यावी आणि उशीर झाल्यास त्यावर वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. पूर्वी वैधानिक किमान दर होता, म्हणजे एसएमपी. शिवाय कारखान्याच्या जादा उत्पन्नात शेतकऱ्याला वाटा देणारे ५-अ हे कलम होते. २००९ मध्ये दोन्ही गेले आणि त्यांच्या जागी एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर आला. म्हणजे शेट्टी लोकसभेत पोहोचले त्याच सुमारास दराचे सगळे गणित बदलत होते. त्यानंतर २०१२ च्या रंगराजन समितीने महसूल वाटपाचे सूत्र सुचवले आणि महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊसदराचा स्वतंत्र कायदा करून ७०:३० चे सूत्र स्वीकारले. साखर आणि उपपदार्थ मिळून जे उत्पन्न होईल त्याचे ७० टक्के, किंवा फक्त साखरेचे धरल्यास ७५ टक्के, शेतकऱ्याला.

हे सारे एका खासदाराने केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु राज्यातील बहुतेक कारखाने ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याच हातात विधिमंडळ असताना असा कायदा होतो, तेव्हा बाहेरचा रेटा किती असेल याची कल्पना करावी.

पाटाचे_पाणी
मी थोडे विरुद्ध मत मांडतो. एफआरपी कृषिमूल्य आयोग सुचवतो आणि केंद्रीय मंत्रिमंडळ ठरवते. २००९-१० च्या हंगामात ती क्विंटलला १२९ रुपये ८४ पैसे होती, २०१८-१९ मध्ये २७५ रुपये झाली, आणि त्याच वेळी पायाभूत साखर उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे ज्या टक्केवारीला मूळ दर लागतो ती) साडेनऊवरून दहा टक्क्यांवर नेल्यामुळे त्या वाढीतला काही भाग परतही घेतला गेला. ही वाढ उत्तर प्रदेशालाही मिळाली, कर्नाटकालाही मिळाली. तिचे श्रेय हातकणंगल्याच्या खासदाराला देता येणार नाही, आणि पायाभूत उतारा वाढवला गेला तेव्हा ते थांबवू शकले नाहीत, हेही खरे आहे.

कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला एफआरपीच्या वर जे मिळाले, ते जयसिंगपूरला भरणाऱ्या संघटनेच्या ऊस परिषदेत मागणी ठरवून, तोडी बंद पाडून, ट्रॅक्टर अडवून मिळाले. त्यासाठी खासदार असण्याची गरज नव्हती.

वारणाकाठ
पाटाचे पाणी, खासदार असण्याचा उपयोग रस्त्यावरही होतोच. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये खासदार असलेल्या माणसाला इंदापुरात अटक झाली आणि त्यामुळे तो प्रश्न कोल्हापूर-सांगलीपुरता न राहता राज्याचा झाला. त्याच आंदोलनात सांगली जिल्ह्यातल्या वसगड्याला पोलिसांच्या गोळीबारात एका शेतकऱ्याचा जीव गेला, हे आपण विसरू नये. २०१८ च्या जुलैमध्ये दुधाचे आंदोलन झाले तेव्हाही शेट्टी खासदार होते. गाईच्या दुधाला सतरा-अठरा रुपये मिळत होते. चार दिवसांत सरकारला लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान मान्य करून पंचवीस रुपयांचा दर जाहीर करावा लागला. आंदोलक माणूस लोकप्रतिनिधी असला की मंत्र्याला चर्चेचे दार बंद ठेवता येत नाही.

सुनंदा_शिराळा
या धाग्यावर आतापर्यंत जे "शेतकरी" आले आहेत ते सगळे सातबाऱ्यावर नाव असलेले आहेत, म्हणून मला लिहावेसे वाटले.

आमच्या घरी लागणीपासून भांगलणीपर्यंतची कामे बायका करतात, पण उसाचे बिल ज्याच्या नावावर जमीन त्याच्या खात्यावर जाते आणि तिथून आधी सोसायटीचे कर्ज कापून घेतले जाते. दराच्या आंदोलनात आम्ही रस्त्यावर बसलो, तुरुंगाच्या दारात डबे घेऊन उभ्या राहिलो, परंतु घरात येणाऱ्या वाढीव शंभर रुपयांवर आमची सही कधी लागली नाही. या बाबतीत शरद जोशी यांची संघटना पुढे होती, हे मला मान्य केलेच पाहिजे. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर बायकोच्या नावावर जमीन करून देण्याचा जो लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम झाला, त्याच्या तोडीचे काम स्वाभिमानीकडून मला दिसले नाही.

दुसरी बाजू तोडणी कामगारांची आहे. बीड जिल्ह्यातून येणारी जोडपी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन आमच्या फडात राबतात. "कोयता बंद", म्हणजे तोडणी बंद, म्हटले की त्यांचीही रोजी बंद होते, आणि त्या दिवसांचे त्यांना कोणी काही देत नाही. शेतकऱ्यांच्या खासदाराने त्यांचा प्रश्नही तितक्याच जोराने मांडायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

खोडवा
सुनंदाताई, तोडणी कामगारांबद्दलचे तुमचे म्हणणे पटते. पण टोळीला खुशाली आम्हीच देतो, ट्रॅक्टरवाल्याला एंट्री आम्हीच देतो (दोन्ही वरचे पैसेच), आणि कारखान्याने कबूल केलेली तोडणी-वाहतूकही आमच्याच दरातून कापली जाते. दोघांनाही पिळणारी व्यवस्था एकच आहे.

सुनंदा_शिराळा
खोडवा, व्यवस्था एकच आहे, म्हणूनच मागणीपत्रही एकच असायला हवे होते.

यंत्रमाग_इचलकरंजी
हातकणंगले मतदारसंघ म्हणजे केवळ ऊस नव्हे, याची आठवण करून देतो. शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ हे कोल्हापूर जिल्ह्यातले चार आणि इस्लामपूर, शिराळा हे सांगली जिल्ह्यातले दोन विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. आमच्या शहरात माग चालवणाऱ्याला विजेचा दर, सुताचा भाव आणि पिण्याचे पाणी या तीन गोष्टी भेडसावतात. पंचगंगा दूषित झाली, म्हणून वारणेवरून पाणी आणण्याची योजना निघाली, तर दानोळी आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. त्या वेळी आमच्या गल्लीत एकच प्रश्न विचारला जात होता: खासदार आमचे की दानोळीकरांचे? एका चळवळीतून आलेल्या माणसाला दोन गरजवंतांमध्ये निवाडा करावा लागतो तेव्हा त्याची खरी कसोटी लागते, आणि त्या कसोटीत आमचे शहर समाधानी झाले नाही. २०१९ चा निकाल समजून घेताना हे ध्यानात घ्यावे.

अॅड_जयसिंगपूर
संसदेतील कामाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. लोकसभेत बोलायला वेळ पक्षाच्या संख्याबळानुसार मिळतो. ज्या पक्षाचा एकच खासदार आहे त्याला मोठ्या चर्चेत दोन-चार मिनिटे मिळाली तरी पुष्कळ झाले. त्यामुळे अशा सदस्याची खरी हत्यारे म्हणजे प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर आणि शुक्रवारी दुपारी येणारी खासगी विधेयके, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली.

जून २०१७ मध्ये मंदसौरला गोळीबारात शेतकरी मारले गेले, त्यानंतर देशभरातील संघटना अखिल भारतीय किसान संघर्ष समन्वय समितीच्या नावाने एकत्र आल्या. शेट्टी त्या समितीत पहिल्यापासून होते. तिच्या वतीने २०१८ मध्ये दोन विधेयके मांडली गेली, लोकसभेत शेट्टी यांनी आणि राज्यसभेत के. के. रागेश यांनी. एक कर्जमुक्तीचे होते, दुसरे हमीभावाला कायदेशीर हक्काचे रूप देणारे होते. संपूर्ण उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफा धरून भाव ठरावा आणि त्याखाली खरेदी होऊ नये, हा त्या दुसऱ्या विधेयकाचा गाभा होता.

विधेयके मंजूर झाली नाहीत. स्वातंत्र्यानंतर आजवर केवळ १४ खासगी विधेयके कायद्यात उतरली आणि त्यातले शेवटचे १९७० मध्ये, हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही. परंतु त्या मसुद्यामुळे मागणीला कलमे मिळाली. हमीभावाचा कायदा ही मागणी २०२० नंतरच्या दिल्लीच्या सीमेवरील आंदोलनात पुन्हा पुढे आली, तेव्हा तिचा आराखडा कागदावर तयार होता. एका ऊस पिकवणाऱ्या शिरोळच्या माणसाने गहू, ज्वारी, कापूस, तूर यांच्यासाठी हा मसुदा सभागृहाच्या पटलावर ठेवला, याचे मला विशेष वाटते, कारण उसाला तर दराचे कायदेशीर संरक्षण आधीच होते.

कृष्णातीर
आता अवघड भागाकडे येऊ. २०१४ मध्ये शेट्टी महायुतीत गेले. खर्चावर पन्नास टक्के नफ्याच्या आश्वासनावर विश्वास ठेवून गेले, असे ते सांगत. सुमारे पावणेदोन लाखांच्या मताधिक्याने निवडून आले. २०१५ च्या सुरुवातीलाच केंद्राने सर्वोच्च न्यायालयात तसा भाव देता येणार नाही असे सांगितले. २०१६ मध्ये त्यांचे सहकारी सदाभाऊ खोत राज्यमंत्री झाले. मे २०१७ मध्ये शेट्टी यांनी पुणे ते मुंबई आत्मक्लेश यात्रा काढली, म्हणजे ज्या सरकारात आपला मंत्री आहे त्याच सरकारच्या दारात ते चालत गेले. ऑगस्टमध्ये खोतांची हकालपट्टी झाली आणि संघटना सत्तेतून बाहेर पडली.

इथपर्यंत मी समजू शकतो. पण २०१९ मध्ये ते काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या आघाडीत गेले. ज्या कारखानदारांच्या विरोधात गावोगावच्या पोरांनी अंगावर गुन्हे घेतले होते, त्यांच्याच व्यासपीठावर नेता दिसला. शिवसेनेचे धैर्यशील माने सुमारे ९६ हजार मतांनी जिंकले. वंचितच्या उमेदवाराला सव्वा लाखाच्या आसपास मते पडली, जातीचा प्रचार झाला, देशभर मोदी लाट होती, ही सगळी कारणे खरी आहेत. तरी आमच्या गावातल्या कार्यकर्त्याचे मन त्या व्यासपीठाने मोडले, असे माझे ठाम मत आहे.

जुना_बिल्लेवाला
कृष्णातीर, आपला राग मी समजतो, पण न्याय थोडा कठोर होतो आहे. लहान पक्षाच्या माणसाने एकटे लढावे तर "मते फोडली" म्हणतात आणि आघाडी करावी तर "विकला गेला" म्हणतात. २०१४ मध्ये त्यांनी सत्तेचा मोह धरला असता तर २०१७ मध्ये बाहेर पडले नसते. केंद्रात आणि राज्यात सरकार भक्कम असताना, निवडणुकीला पावणेदोन वर्षे बाकी असताना, सत्तेची ऊब सोडणारे किती लोक आपण पाहिले आहेत?

कृष्णातीर
बाहेर पडले याचा मला आदरच आहे. प्रश्न कुठे गेले याचा आहे. २०२० मध्ये राज्यपालनियुक्त आमदारांच्या यादीत राष्ट्रवादीकडून त्यांचे नाव गेले, ती यादी अडकून पडली, आणि एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी महाविकास आघाडीही सोडली. दरम्यान बांधावरच्या माणसाला रोज कोणाला शिव्या द्यायच्या आणि कोणाला हार घालायचा, हे कळेनासे झाले. मोठ्या पक्षाचा कार्यकर्ता असे वळण सहन करतो, कारण त्याला पद मिळते, ठेका मिळतो. चळवळीच्या कार्यकर्त्याजवळ फक्त विश्वास असतो.

नाशिककर_कांदेवाला
आमच्याकडून एक निरीक्षण. तुम्हाला कारखान्याचे एक फाटक आहे, जिथे बसून ट्रॅक्टर अडवता येतो. कांद्याला असे फाटक नाही. आमचा माल लासलगावला, पिंपळगावला, उमराण्याला जातो, व्यापारी बदलतो, आणि डिसेंबर २०२३ सारखी निर्यातबंदी दिल्लीतून एका रात्रीत येते. म्हणून आम्हाला खासदार जास्त हवा आहे, कारण आमचा भाव पाडणारा निर्णय तिथेच होतो. २०२४ मध्ये दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या उमेदवाराला लोकांनी घरी पाठवले. राग मतपेटीत उतरला, पण चळवळ उभी राहिली नाही. तुमच्याकडे चळवळ उभी राहिली आणि मते मात्र टिकली नाहीत.

सुनंदा_शिराळा
आमच्या शेजारच्या वाळवा तालुक्याचे एक जुने उदाहरण या चर्चेत यायला हवे. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील शेतकऱ्याच्या घरातले, तलाठ्याची नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरलेले आणि १९४३ पासून प्रतिसरकार चालवणारे. ते १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. बीडमध्ये त्यांचे ना घर होते ना शेत, तरी तिथल्या कष्टकऱ्यांनी त्यांना आपले मानले. शेट्टी यांचा पाया मात्र ऊस पट्ट्याबाहेर तितका पसरला नाही. बुलढाण्यात सोयाबीन-कापसासाठी स्वाभिमानीचेच रविकांत तुपकर उभे राहिले, विदर्भात काही काळ आशा वाटली, पण तेही पुढे वेगळे झाले. ज्या दुष्काळी भागातून आमच्याकडे तोडणीला माणसे येतात, त्या भागात चळवळ पोहोचली असती, तर ऊस उत्पादक आणि तोडणी कामगार या दोघांचे एक मागणीपत्र झाले असते. खोडवा, मी वर तेच म्हणत होते.

पाटाचे_पाणी
माझे म्हणणे अधिक स्पष्ट करणारी घटना २०२३ ची आहे. शेट्टी तेव्हा ना खासदार होते ना आमदार. मागील हंगामातील उसाला टनाला चारशे रुपये जादा मिळावेत, म्हणून त्यांनी कारखान्या-कारखान्यांवरून ५२२ किलोमीटरची आक्रोश पदयात्रा काढली. नोव्हेंबरमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ दिवसभर रोखून धरला गेला, आणि संध्याकाळी तोडगा निघाला: ज्यांनी टनाला तीन हजारांपेक्षा कमी दिले त्यांनी शंभर रुपये द्यावेत आणि ज्यांनी त्याहून अधिक दिले त्यांनी पन्नास. मागणीच्या मानाने ते थोडे होते, परंतु बंद झालेल्या हंगामाचा हिशेब पुन्हा उघडायला लावणे ही मोठी गोष्ट होती.

त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत लोकसभा निवडणूक झाली. शेट्टी दोन्ही आघाड्यांपासून दूर राहून लढले, आणि तिसऱ्या क्रमांकावर गेले. माने यांनी ठाकरे गटाचे सत्यजित पाटील सरूडकर यांचा निसटत्या फरकाने पराभव केला. महामार्गावर दिवसभर बसलेल्यांपैकी किती जणांनी मत दुसरीकडे दिले असेल? मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी दोन हिशेब वेगळे ठेवले. दर मिळवून देणारा माणूस एक, आणि दिल्लीत कोणाचे सरकार हवे हे ठरवणारे मत दुसरे.

वारणाकाठ
हे वाचून वाईट वाटते, पण खरे आहे. आमच्या गावातही त्या दिवशी शिरोलीला गेलेले दोन सख्खे भाऊ होते. एकाने माने यांना मत दिले, दुसऱ्याने सरूडकरांना, आणि दोघांनी शेट्टींचा बिल्ला छातीवरून काढला नाही. विचारले तर दोघेही म्हणाले, "साहेब निवडून आले काय अन् नाही आले काय, कारखान्यावर येणारच."

अॅड_जयसिंगपूर
आणि ते आलेच, या वेळी न्यायालयाच्या मार्गाने. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये निर्णय काढून एफआरपीचे दोन तुकडे केले होते. पहिला हप्ता पायाभूत उताऱ्यावर द्यायचा आणि उरलेली रक्कम हंगाम संपल्यावर त्या वर्षीचा प्रत्यक्ष उतारा पाहून द्यायची. शेट्टी यांनी त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि १७ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. केंद्राच्या आदेशात १४ दिवसांत पूर्ण रक्कम द्यायला सांगितलेली असताना राज्याला ती तोडता येणार नाही, हा त्याचा मथितार्थ आहे.

याचा शेतकऱ्याला काय फरक पडतो, हे आकड्यांत सांगतो. २०२४-२५ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३४०० रुपये होती आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३३ रुपये २० पैसे वाढत होते. समजा, कारखान्याचा साखर उतारा १२ टक्के आहे. मग पूर्ण एफआरपी ३९८१ रुपये होते. तोडणी-वाहतूक साडेआठशे धरली, तर हातात ३१३१ यायला हवेत. दोन तुकड्यांच्या पद्धतीत पहिल्यांदा २५५० मिळाले असते आणि टनामागे ५८१ रुपये हंगाम संपेपर्यंत कारखान्याकडे बिनव्याजी राहिले असते. एकरी ६० टन ऊस असणाऱ्याचे एका एकराचे सुमारे ३५ हजार रुपये होतात. सोसायटीचे व्याज मात्र त्याच्या मानेवर चढतच राहते.

खोडवा
एकराला ३५ हजार! हे एवढे सोपे करून कोणी सांगितले नव्हते. आमच्या गटात पाठवतो.

बांधावरून
सर्वांचा मनापासून आभारी आहे. या चर्चेतून मला जे दिसले ते मांडतो. चौदा दिवस आणि पंधरा टक्के व्याज हे नियम शेट्टी यांच्या राजकारणात येण्याआधीपासून कागदावर होते, खासदारकीच्या काळात होते आणि आजही आहेत. ते अमलात आले ते फाटकावर बसलेल्या माणसांमुळे आणि न्यायालयात टिकून राहिलेल्या अर्जामुळे. खासदारकीने त्या माणसांना कारखान्यासमोर उभे राहायचे धाडस दिले, मंत्रालयाचे दार उघडले आणि हमीभावाच्या मागणीला मसुदा दिला. एवढे मला मान्य आहे. परंतु कृष्णातीर यांनी सांगितलेली विश्वासाची हानी आणि सुनंदाताईंनी दाखवलेली उणीव, या दोन्हींची किंमत चळवळीनेच मोजली, असेही मला वाटते.

आमच्या तरुणांना मी सांगणार आहे की, उमेदवार जरूर द्या, पण संघटनेचा अध्यक्ष आणि उमेदवार एकच माणूस ठेवू नका. निवडून आलेल्याला आघाडीत बोलणी करावी लागतील. त्या वेळी त्याला बाहेरून जाब विचारणारा कोणी तरी मोकळा राहिला पाहिजे.

कृष्णातीर
ही अट मला पटते. तिच्यात एक भर घालावी. आघाडी करायची की नाही, हे ऊस परिषदेसारख्या उघड सभेत, हात वर करून ठरावे. नेत्याने मुंबईहून कळवू नये.

पाटाचे_पाणी
जिल्हा परिषदेच्या हातात ऊसदर नाही, हेही त्यांना आधीच सांगा. नाही तर दर मिळाला नाही म्हणून पहिल्याच वर्षी आपल्याच माणसाविरुद्ध ओरड सुरू होईल.

सुनंदा_शिराळा
आणि उमेदवार बाई असेल तर तिच्या नवऱ्याला सभेच्या मंचावर बसवू नका. जिल्हा परिषदेत निम्म्या जागा आमच्या आहेत, आणि उसाचा हिशेब आम्हालाही येतो.

अॅड_जयसिंगपूर
बांधावरून, निवडणुकीला वेळ आहे, हंगामाला नाही. ज्यांचे गेल्या हंगामातले बिल १४ दिवसांनंतर जमा झाले असेल, त्यांनी वजनपावत्या आणि बँक पासबुकाच्या प्रती एकत्र कराव्यात. ऊस गेल्याची तारीख, रक्कम जमा झाल्याची तारीख आणि टनेज, एवढ्या तीन नोंदींवर व्याजाची मागणी करता येते. अर्ज प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे करायचा आणि प्रत साखर आयुक्तांना पाठवायची. थकबाकी सिद्ध झाली तर आयुक्तांना महसुली वसुलीचा आदेश काढता येतो आणि मग जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाप्रमाणे वसूल करतात. अर्जाचा नमुना मी रविवारपर्यंत इथेच टाकतो.

खोडवा
आमच्या गावातल्या पावत्या मी गोळा करतो. बायकांच्या नावावर ज्यांची खाती आहेत, त्यांच्या पावत्या सुनंदाताईंकडे द्याव्यात का?

सुनंदा_शिराळा
द्या. वजनपावतीवर नाव आणि गट क्रमांक नीट वाचता येतो का, तेवढे आधी पाहून घ्या. फिकट झालेल्या पावत्यांची आजच झेरॉक्स काढून ठेवा.